वहीतला अर्धा कोयता

ऊसतोडीच्या धंद्यात नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. मजूर पुरवणारा मुकादम साखर कारखान्याला दहा कोयते कबूल करतो, तेव्हा वीस माणसांचा सौदा झालेला असतो. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडप्याच्या नावावर, हातात घेतो बहुधा नवरा. बाई ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडीत भरते. पहाटेच्या भाकरी निराळ्याच. वहीत मात्र ती अर्धा कोयता.

माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नका, असं तत्त्वज्ञ कांटने १७८५ मध्येच बजावलं होतं. मार्था नुसबॉम यांनी १९९५ च्या निबंधात माणसाला वस्तू करण्याच्या सात तऱ्हा सांगितल्या. त्यांतली एक इथे नेमकी लागू पडते: एकाच्या जागी दुसरा बिनदिक्कत बसवणं. एक कोयता पळाला, दुसरा आणा.

माणसाची अशी वस्तू का होते? समोरच्याला मन आहे हेच आपल्याला दिसेनासं होतं, हे मानसशास्त्राचं आवडतं स्पष्टीकरण. लसाना हॅरिस आणि सुसान फिस्क यांनी २००६ मध्ये बेघर आणि व्यसनी माणसांचे फोटो लोकांना दाखवले. दुसऱ्याच्या मनाचा विचार करताना जागा होणारा मेंदूचा भाग ते फोटो पाहताना मंदावलेला आढळला. प्रयोग चांगलाच आहे, पण मुकादमाला लावून पाहा, बसत नाही. तो पुष्कळदा मजुरांच्याच गावाकडचा, कधी भावकीतला. कुणाच्या पोरीचं लग्न ठरलंय, कुणाला दवाखान्यासाठी पैसे लागणार, त्याला सगळं ठाऊक. अडचण कळल्याशिवाय उचल गळ्यात मारता येत नाही. माणसाचं मन त्याला चांगलं दिसतं, आणि तेही तो हिशेबात धरतो.

हा हिशेब बाईच्या शरीरापर्यंतही पोचला. ऊसतोड मजुरांच्या बीड जिल्ह्याकडे २०१९ मध्ये सगळ्यांचं लक्ष गेलं ते काढलेल्या गर्भपिशव्यांमुळे. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे सहांत एक. मजुरांच्या कोपीला, म्हणजे झोपडीला, ना संडास ना न्हाणी, पाळीतही फडात वाकून काम, आणि एक दिवस पडून राहिलं की खाडा, म्हणजे दंड. कॅन्सरची भीती घालून ऑपरेशन केल्याच्या तक्रारी डॉक्टरांविरुद्ध झाल्या, आणि त्या गंभीर आहेत. पण पोरं झाली, आता पिशवी ठेवून करायचं काय, असं म्हणणाऱ्या बायकाही होत्या.

मानसशास्त्रज्ञ बार्बरा फ्रेडरिक्सन आणि टोमी-ॲन रॉबर्ट्स यांनी १९९७ मध्ये मांडलं की सतत शरीर म्हणूनच पाहिली गेलेली स्त्री हळूहळू स्वतःकडेही बाहेरच्या नजरेने पाहू लागते. त्यांच्या मांडणीत रूप होतं, आरसा होता. फडात रूपाला कोण विचारतो? इथे बाईने स्वतःकडे मुकादमाच्या वहीतून पाहिलं. तिला अडाणी ठरवून मोकळे होणारे शहरी लोक मला पटत नाहीत. उचल, खाडा आणि फेड धरली तर तिचा हिशेब चोख होता. हिशेबाची वहीच तिची नव्हती.

म्हणून मुकादमांना माणुसकी शिकवणाऱ्या शिबिरांवर माझा भरवसा नाही. बाईची नोंद स्वतंत्र करा, तिची मजुरी तिच्या खात्यात भरा, आजारपणाचा आणि पाळीचा खाडा बंद करा. हे काम मुकादमावर सोडून चालणार नाही, ते कारखान्यानेच करायला हवं. वाचकांपैकी जे सहकारी साखर कारखान्याचे सभासद असतील, त्यांनी पुढच्या वार्षिक सभेत उसाच्या भावाबरोबर हाही प्रश्न विचारावा.