सहलीचा बेत

दिवाळीची सुटी संपून शाळा भरल्या, की आमच्याकडे सहलीचे वारे वाहू लागतात. सोयाबीन बाजारात गेलेले असते, पहाटेची थंडी अंगाला झोंबू लागलेली असते आणि अभ्यासाचा खरा नेट लागायला अजून दोन महिने अवकाश असतो. नांदेड-लातूर रस्त्यावरच्या कोणत्याही गावात जा आणि वर्गात विचारा, 'बाळांनो, कुठे जायचे?' उत्तर ठरलेले आहे. वेरूळ-अजिंठा कोणी म्हणत नाही. सारा वर्ग एका तोंडाने म्हणतो, 'समुद्र!'

मुले एक शब्द बोलतात. मास्तर मंडळी तो शब्द घेऊन शिक्षकांच्या खोलीत जातात आणि तासाभराने त्याची यादी करून बाहेर येतात : अलिबागचा कुलाबा किल्ला, चौल, रेवदंडा, काशीद, मुरुड, जंजिरा, आणि परतताना जमल्यास रायगड. (मुरुड म्हणजे आपल्या लातूरजवळचे नव्हे, कोकणातले, हा खुलासा दर वर्षी करावा लागतो.) जाण्यायेण्याच्या दोन रात्री आणि मधले दोन दिवस, एवढ्यात ही सात ठिकाणे बसवायची. बसतात. कागदावर काय बसत नाही?

सहलीचा बेत ही हिशेबी माणसाने करायची किरकोळ गोष्ट आहे, तिच्यात नीती-अनीतीचा प्रश्न कसला, असे कोणी म्हणेल. मला मात्र तो प्रश्न चांगला जड वाटतो. लग्नाची पंगत वाढताना आपण पाहुण्यांचे पोट हाती घेतो. सहल आखताना चाळीस-पन्नास लेकरांचे डोळे, पाय, झोप आणि त्यांच्या आईबापांचे पैसे हाती घेतो. त्यांतल्या बहुतेकांना आपण काय विकत घेत आहोत हे ठाऊक नसते. ज्याने समुद्र पाहिलेला नाही, तो समुद्राच्या यादीवर हरकत काय घेणार? तो आपल्यावर विश्वास टाकतो. अशा विश्वासाने हाती आलेला दिवस कसा खर्च करावा, हा माझ्या मते पैशाच्या हिशेबाहून अवघड हिशेब आहे.

यादी लांब करणाऱ्यांची बाजू लंगडी नाही, हे आधी सांगितले पाहिजे. ती चार शब्दांची आहे : 'पुन्हा कोण येणार आहे?' पुण्या-मुंबईच्या पोराला अलिबाग म्हणजे रविवारची गोष्ट. नांदेडहून ते सहाशे किलोमीटरच्या घरात आहे. आमच्या वर्गातल्या कित्येक मुलींचा हा सासरी जाण्याआधीचा एकमेव लांबचा प्रवास असतो. एवढी रात्र जागून, पनवेलच्या गाडीत पाय मुडपून गेलेल्या पोरीला जंजिऱ्यापासून पन्नास किलोमीटरवर आणून मागे फिरवायचे, हे निर्दयपणाचे नाही काय? पालकही तेच म्हणतात. एका आईने मला विचारले होते, 'सर, एवढ्या पैशात काय काय दाखवनार?' तिचा प्रश्न अगदी रास्त होता. बाजारात ती वांगीसुद्धा तशीच घेते.

पण त्या 'एवढ्या पैशात'चा विचार जरा पुढे न्यावा. यादीतले प्रत्येक नाव फुकट येत नाही. त्याला गाडीचे जादा किलोमीटर लागतात, होडीचे भाडे लागते, एखादा मुक्काम आणि दोन जेवणे वाढतात. एस.टी. शालेय सहलींना भाड्यात निम्मी सवलत देते हे खरे, पण सवलत निम्मी झाली तरी रस्ता निम्मा होत नाही. तेव्हा सातव्या ठिकाणापर्यंत पोचेतो वर्गणी सोयाबीनच्या एका भरल्या कट्ट्याएवढी होते. ज्याच्या घरी चाळीस कट्टे झाले, त्याला एक कट्टा म्हणजे काहीच नाही. ज्याची दीड एकर कोरडवाहू, त्यातही पाऊस वेळेवर आला नाही, त्याच्या घरी एका कट्ट्याला आधीच चार ठिकाणांहून मागणी असते.

अशा घरचे मूल 'पैसे नाहीत' असे वर्गात कधी म्हणत नाही. ते म्हणते, 'सर, मला मोटार लागते.' मी इतकी वर्षे शिकवतो आहे. सहलीच्या सुमारास वर्गातल्या मुलांना मोटार लागण्याचे प्रमाण एकाएकी वाढते, आणि तीच मुले तालुक्याच्या कबड्डीला टेम्पोत उभी राहून गाणी म्हणत जातात. तेरा-चौदा वर्षांचे मूल बापाची लाज राखण्यासाठी स्वतःच्या पोटावर खोटे आळ घेते. आपण मान डोलावतो आणि त्याच्या नावापुढे फुली मारतो. पाचवे, सहावे, सातवे ठिकाण यादीत चढले, तेव्हा प्रत्येक वेळी खालून एकेक दोनदोन नावे गळाली. जंजिरा 'दाखवला' तो गेलेल्यांना. तो न गेलेल्यांच्या जागेवर दाखवला.

यावर एक सोपा उपाय सुचवला जातो : सधन पालकांनी किंवा शिक्षकांनी अशा दोनचार मुलांचे पैसे भरावेत. भरावेत, आणि गुपचूप भरावेत; मी त्याच्या आड येणार नाही. पण त्यात एक खोच आहे. गावात काही गुपचूप राहत नाही. ते मूल गाडीत बसते खरे, पण खिडकी मागत नाही. दुसऱ्याच्या पैशाने आलो आहोत हे त्याला दोन दिवस सारखे ठाऊक असते. त्यापेक्षा यादीच अशी आखावी की ज्याला मदत घ्यावी लागेल असे कोणी जवळपास उरू नये. दान देण्याची आपली हौस भागवायची म्हणून आधी खर्च वाढवून ठेवायचा, ही उलटी रीत झाली.

शिवाय सात ठिकाणे पाहिली म्हणजे सातपट पाहिले, हे तरी खरे आहे काय? आमच्या नांदेडला अमृतसरहून सचखंड एक्स्प्रेस येते. दोन हजार किलोमीटरांचा प्रवास करून म्हातारी माणसे, बायाबापड्या, कडेवरची पोरे उतरतात. कशासाठी? मुख्यतः एका उंबरठ्यासाठी. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी जिथे देह ठेवला, तिथे माथा टेकायचा, लंगरमध्ये पंक्तीला बसायचे, दोन दिवस तिथल्या हवेत राहायचे. आपण फसलो असे त्यांतल्या कोणाच्या चेहऱ्यावर मी पाहिले नाही. पंढरीच्या वारकऱ्याचे तेच. यात्रेला निघालेला माणूस एका ठिकाणी जातो आणि भरून येतो. सहलीला निघालेला सात ठिकाणी जातो आणि थकून येतो.

आणि कोकणचा किनारा काही आम्हांला परका नाही, की पहिल्याच भेटीत त्याच्या साऱ्या खोल्या उघडून पाहाव्यात. लातूरजवळचे तेर म्हणजे जुने तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका व्यापारी टिपणात त्याचे नाव आहे. तिथला माल गाड्यांवर लादून पार भडोचच्या बंदराला जाई. तेव्हा बैलांच्या पायांनी का होईना, आमची माणसे समुद्राला भेटत होती. उलट दिशेने, १४७० च्या आसपास, अफनासी निकीतिन नावाचा एक रशियन व्यापारी चौलला उतरला. जवळ विकायला एक घोडा. पायी घाट चढून तो जुन्नरला आला, पावसाळा तिथे काढला आणि मग आमच्या उदगीरच्या पलीकडे असलेल्या बिदरला जाऊन त्याने तो घोडा एकदाचा विकला. चौल ते बिदर या वाटेवर त्याचे कित्येक महिने गेले. लोक काय खातात, काय नेसतात, हे सारे त्याने लिहून ठेवले. आमच्या यादीत त्याच चौलला पंचवीस मिनिटे दिलेली असतात, आणि त्यांतली दहा मुले मोजण्यात जातात.

मुलांना काय दिसेल, याचाही अंदाज आपल्याला नेहमी येतो असे नाही. आपण तोफा दाखवायला नेतो. आमच्याकडच्या मुलाला दिसते ते पाणी. लातूरची गोष्ट महाराष्ट्र विसरलेला नसेल. २०१६ च्या एप्रिलमध्ये मांजरा आटली आणि मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला पहिली गाडी आली तेव्हा दहा टाक्यांत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. आज वरच्या वर्गांत बसलेली मुले तेव्हा आईच्या कडेवर किंवा अंगणवाडीत होती; पण घागरींच्या रांगांची गोष्ट ती घरात ऐकतच वाढली. अशा मुलाला दृष्टी पोचेल तिथवर पाणी दिसते आणि त्यातले एक ओंजळभरही पिता येत नाही, असे कळते. मग कुलाबा किल्ल्यात शिरल्यावर, चहूकडून खारा समुद्र असताना, आत गोड्या पाण्याची विहीर निघते! मालवणच्या सिंधुदुर्गात तर दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन आहेत. पावसाचे पाणी खडकात कसे मुरते, खाऱ्यावर गोडे कसे तरून राहते, किल्ला बांधणाऱ्याने आधी पाण्याची जागा का हेरली, हे सारे त्या विहिरीच्या काठावर बसून विचारण्यासारखे आहे. त्याला तास लागतो. पुढच्या ठिकाणाची शिट्टी दहाव्या मिनिटाला वाजते.

आता भरती-ओहोटीचे. कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी चालत जाता येते, भरतीला वाट पाण्याखाली जाते. म्हणजे इथे मुख्याध्यापकांचे वेळापत्रक चालत नाही, चंद्राचे चालते. कोकणातल्या माणसाचा एक साधा आडाखा आहे : तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. तृतीया असेल तर सव्वादोन. त्याच्या आधी सहा तास, म्हणजे सकाळी आठच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून पाऊण. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. भांगाच्या दिवसांत ओहोटीलाही पाणी फार मागे हटत नाही. लक्ष्मीपूजनाला आपण इकडे पणत्या लावतो, तेव्हा तिकडे अमावास्येचे उधाण असते. हा आडाखाच आहे. पक्की वेळ छापील कोष्टकात पाहावी आणि त्यावरही किनाऱ्यावरच्या कोळ्याला विचारावे. तो नको म्हणाला तर नको.

हे मी हौसेने सांगत नाही. २०१६ च्या १ फेब्रुवारीला मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेली दहाहून अधिक तरुण मुलेमुली बुडून गेली. पुण्याची, कॉलेजात शिकणारी मुले. आमची तर मन्याडच्या डोहालाही बिचकणारी. सहलीआधी आपण पालकांकडून हमीपत्र घेतो. काही बरेवाईट झाल्यास जबाबदारी आमची, अशा अर्थाचे. खाली सही असते, कधी अंगठा असतो. ज्या बाईने समुद्र जन्मात पाहिला नाही, तिने समुद्राची जबाबदारी कशी घेतली? पाणी पायाखालची वाळू कसे ओढून नेते हे तिला कोणी सांगितले होते काय? तो कागद कचेरीच्या कामाचा असेल, पण त्याने आपल्या डोक्यावरचे ओझे गुंजभरही हलके होत नाही. आणि ज्याच्या हातात सात नावांची यादी आहे, त्याला पाण्याकडे बघायला वेळ नसतो. तो घड्याळाकडे बघत असतो.

यंदा आमच्या शाळेत हा वाद पुष्कळ रंगला. माझे म्हणणे थोडक्यात असे होते : अलिबाग आणि चौल, बस्स. आदल्या संध्याकाळी पोचायचे, पौर्णिमेनंतरच्या तृतीयेला सकाळी किल्ल्यात, दुपारी चौलला झाडाखाली भाकरी, संध्याकाळ वाळूवर, पाण्यात घोट्यापर्यंतच. इतिहास शिकवणारे आमचे सहकारी मनापासून चिडले. 'जंजिऱ्यावाचून कोकण? शिवाजी महाराजांना, संभाजी महाराजांना जो घेता आला नाही तो किल्ला मुलांना दाखवायचा नाही? संभाजी महाराजांनी समुद्रात सेतू बांधायला घेतला, तो पुस्तकात किती ओळींत आहे? जागेवर उभे राहिल्यावाचून तो कळणार आहे?' शिवाय त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला फार पटली : जंजिऱ्याचे सिद्दी संस्थान भारतात विलीन झाले ते १९४८ साली, आणि आमचा मराठवाडा निजामाच्या हातून सुटला तोही १९४८ च्या १७ सप्टेंबरला. पंधरा ऑगस्टला बाहेर राहिलेले ते आणि आम्ही. त्या मुलांचे आणि आमच्या मुलांचे एक नाते आहे.

याला माझ्याजवळ चोख उत्तर नाही. जंजिरा गाळला तर मुलांचे नुकसान होते, आणि ते भरून काढीन असे मी म्हणू शकत नाही. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसावे, अगदी भिंतीपाशी जाईतो दरवाजा दिसू नये, हा अनुभव नकाशावर मिळत नाही. फक्त एवढेच, की ते नुकसान सगळ्या वर्गाने मिळून सोसायचे आहे. सात ठिकाणांच्या यादीतले नुकसान काही ठरावीक मुलांनीच सोसायचे असते, आणि तेही मोटार लागते म्हणून.

अखेर दोनच नावांचा कागद फळ्याशेजारी लागला. वर्गणी निम्म्याहून खाली आली. पहिल्या आठवड्यात नोंदवलेली नावे गेल्या वर्षीपेक्षा चौदांनी जास्त आहेत. मोटार लागणारी तिघे अजून आहेत, त्यांच्या घरी जायचे आहे. परवा मधल्या सुटीत आठवीतला एक मुलगा त्या कागदापुढे बराच वेळ उभा होता. मला पाहून म्हणाला, 'सर, अलिबागहून जंजिरा दिसतो का?' मी त्याला आत नेले, भिंतीवरचा नकाशा दाखवला आणि अलिबागपासून राजपुरीपर्यंतचे अंतर त्याच्याकडूनच दोऱ्याने मोजून घेतले.