वाट कोणी ठरवायची?

२३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी आम्ही मुलांना शाळेतच थांबवून घेतले होते. हिंगोली जिल्ह्यातली आमची उर्दू शाळा, एक टीव्ही आणि बाकांवर दाटीवाटीने बसलेली पोरे. विक्रम चंद्रावर उतरू लागला तशी नववीतली एक मुलगी म्हणाली, ‘सर, अब उसकू कौन चला रा?’

‘कोई नहीं. खुदच चल रा.’

उत्तर खरे होते. शेवटच्या सुमारे १९ मिनिटांत निर्णय यानाचेच होते. त्याचे कॅमेरे खालची विवरे टिपत, सोबतच्या चित्रांशी ताडून पाहत, आपण कुठे आहोत ते ठरवत. तसे आकाशातल्या खुणांवर चालणे जुनेच. १९६८ साली अपोलो ८ परतत असताना जिम लॉव्हेल यांच्या हातून संगणकातली दिशेची नोंद पुसली गेली, तेव्हा व्याध आणि राजन्य हे तारे धरून त्यांनी ती पुन्हा बसवली. राजन्याचे इंग्रजी नाव रायजेल, ते मुळात अरबी ‘रिज्ल’, म्हणजे पाय. हे सांगितले की आमच्या पोरांचे चेहरे उजळतात.

आम्हाला मात्र २०१९ चे अपयश छळते. चांद्रयान २ चा लँडर कोसळला, त्याची कारणे इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष सोमनाथ यांनी पुढे २०२३ साली उलगडून सांगितली. त्यातले एक असे, की त्याला उतरायला ५०० मीटर लांब-रुंद एवढीच जागा नेमून दिली होती. चुका साचत गेल्या, जमीन जवळ आली, तरी तो तिथेच पोहोचायच्या धडपडीत वेग वाढवत राहिला. दुसऱ्या खेपेला जागा सुमारे ४ किलोमीटर लांब आणि अडीच किलोमीटर रुंद ठेवली, इंधन जास्त दिले, आणि काय काय बिघडेल हे आधीच धरून यान बांधले.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थिनीला दहावीनंतर नांदेडला सायन्सला जायचे होते. वालिद सल्ल्याला आले. आम्ही म्हणालो, ‘इथेच आर्ट्सला घाला, नजरेसमोर राहील.’ त्यांनी ऐकले, उस्तादाचा शब्द. ती तिकडे चुकली असती का? असेलही. पण तिला चुकायला आम्ही किती मीटर जागा ठेवली होती? यंत्राला निदान स्वतःची इच्छा नसते. तिला होती, आणि ती आम्ही विचारलीसुद्धा नाही. जिम्मेदारी आमची, असे तेव्हा वाटले. आयुष्य मात्र तिचे गेले.

टीव्हीसमोर प्रश्न विचारणारी मुलगी दहावी झाली, तेव्हा तिचेही वालिद आले. आम्ही त्यांना बसा म्हटले, चहा सांगितला, आणि आधी तिला आत बोलावले.