तमोगुणाचा अंमल

दिल्लीच्या मंडी हाउसमधील दूरदर्शनच्या दप्तरातून १९९७ साली ज्या ‘शक्तिमान’चा संचार देशभर सुरू झाला, त्याचे बल लेखक गालिब असद भोपाली प्रभृतींनी कुंडलिनीयोगातून आणि पंचमहाभूतांतून काढले, हे या भूमीला साजेसेच होते, परंतु तमोगुणाला किल्विष नामक खलपुरुषाचे रूप देऊन त्यांनी तो नायकाबाहेर उभा केला, तेथे सांख्यांशी त्यांचा तंटा जुंपतो. सांख्यमते सत्त्व, रज, तम ही त्रयी एकाच प्रकृतीची असल्यामुळे, तमाचा समूळ उच्छेद करू जाणारा देहाचे स्थैर्य आणि निद्राही गमावून बसेल. (मालिकाही बंद पडेल, ती गोष्ट अलाहिदा!) मला तर गबाळ्या गंगाधराचे सोंग घेऊन वृत्तपत्राच्या कचेरीतला उपहास निमूट सोसणारा तोच वीर अधिक योगी भासतो, कारण तेथील झुंज अहंकाराशी असून तीत किल्विषाची हजेरी लागत नाही.