डोळा आणि दाढ

लासूर स्टेशनला एक नर्सरीवाला होता. मोसंबीची कलमं बांधावीत तर त्यानेच. खुंटाच्या सालीला तो उभी-आडवी चीर देई, साल अलगद उचलून आत मोसंबीचा डोळा सरकवी आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळी. हाताखालच्या पोऱ्याला तो एकच सांगे, "तीन आठवडे पट्टी सोडायची नाही."

एकदा त्याची अक्कलदाढ ठणकू लागली. पॅसेंजरने तो संभाजीनगरला गेला, घाटी दवाखान्याच्या आवारातल्या सरकारी दंत रुग्णालयात. दाढ आडवी उगवली होती. हिरडी कापून काढावी लागली.

डॉक्टरीणबाईंनी जखमेवर बोळा ठेवला. म्हणाल्या, "काका, तासभर घट्ट चावून धरा. थुंकी गिळा. आज चूळ भरायची नाही, स्ट्रॉने काही ओढून प्यायचं नाही. गालाला बाहेरून बर्फ लावा. गार, मऊ खा. उद्यापासून कोमट मिठाचं पाणी तोंडात हळूच खेळवा आणि सोडून द्या. तंबाखू बंद. सूज दोन-तीन दिवस राहीलच, तिला भिऊ नका. पण दुखणं उलट वाढलं, तर लगेच या."

त्याने मान डोलावली.

दौलताबादला त्याने बोळा काढून टाकला. पोटूळला खिडकीतून दोनदा थुंकला. लासूरला उतरला आणि तोंडातली रक्ताची चव जावी म्हणून नळावर खळखळून चूळ भरली. रात्री थोडी तंबाखू दाढेखाली धरली.

दुसऱ्या दिवशी बरं वाटत होतं. तो बागेत गेला, तर पोऱ्याने पाच खुंटांच्या पट्ट्या सोडलेल्या.

"डोळा धरला का ते बघत होतो, मालक."

"अरे, उघडलास म्हणजे वाळलाच तो!" मालक फार चिडला. चिडणं खरंच होतं. पाच कलमं हातची गेली होती.

तिसऱ्या रात्री दाढेच्या जागी कळ उठली. ती कानात गेली, कानशिलात गेली. तोंडाला घाण वास येऊ लागला. गोळीने उतार पडेना. पहाटेच्या गाडीने तो पुन्हा रुग्णालयात आला.

बाईंनी त्याच्या हातात आरसा दिला. खड्डा कोरडा, रिकामा. तळाशी पांढुरकं हाड दिसत होतं.

"इथं रक्ताची गुठळी होती, काका. हाडावरचं झाकणच ते. तिच्यातूनच नवं मांस भरून येतं. थुंकून, चुळा भरून तुम्ही ती घालवलीत. तंबाखूने उरलंसुरलं केलं."

त्यांनी खड्डा धुतला आणि आत औषधात भिजवलेली पट्टी भरली. तासाभरात ठणका उतरला. पण जखम आता हळूहळूच भरणार होती.

परतीच्या गाडीत तो खिडकीशी गप्प बसून राहिला. थुंकी गिळत राहिला.

बागेत पोऱ्या मान खाली घालून उभा होता. मालकाने कमरेची तंबाखूची पिशवी काढून चुलीत टाकली. पोऱ्याला जवळ बोलावलं.

"भरून येणाऱ्या जागेला हात लावू नये," तो म्हणाला. "हे मला ठाऊक होतं, पोरा. पण झाडापुरतंच."

मग त्या पाचही खुंटांना दुसऱ्या बाजूने चीर देऊन दोघांनी नवे डोळे बांधले.