बरणींतील ऋण

ज्ञानासाठीं एखाद्या जीवाचा प्राण घ्यावा कीं नाहीं, हा वाद जुना आहे. तो इतक्यांत मिटेल असें आम्हांस वाटत नाहीं. आमची शंका त्यापुढची आहे. प्राण घेऊन झाला, कलेवर मद्यार्कांत घालून बरणीस बूच लावलें. आतां घेणारावर कांहीं दायित्व उरतें काय?

‘चॅलेंजर’ या इंग्रजी जहाजाची हकीकत या दृष्टीनें पाहण्याजोगी आहे. समुद्रसंशोधनासाठीं तें १८७२ च्या डिसेंबरांत निघालें आणि १८७६ च्या मे महिन्यांत परतलें. सागरतळावरील प्राणी, गाळ, बारीक जाळ्यांत आलेले सूक्ष्म जीव असा अफाट संग्रह त्यानें आणला. सफर साडेतीन वर्षांची. पण संग्रहाचा वृत्तान्त ५० खंडांत पुरा व्हावयास १८९५ साल उजाडलें. शास्त्रज्ञांचे प्रमुख वायव्हिल थॉमसन १८८२ मध्येंच वारले व पुढील भार जॉन मरे यांनीं वाहिला. एकट्या हेकेल यांनीं रेडिओलेरिया नामक सूक्ष्म जीवांवर सुमारें दहा वर्षें खर्चून साडेतीन हजारांवर नव्या जाती वर्णिल्या. सफरीचे पोवाडे कोणीही गाईल. मेजावर वांकून काढलेल्या या वर्षांची आठवण कोणास होते?

ऋषिऋण अध्ययनानें फिटतें असें आपल्याकडे मानीत. या मुक्या जीवांचें ऋणही दुसऱ्या कशानें फिटणार? घरोघरीं न वाचलेल्या ग्रंथांचें एक कपाट असतेंच, आणि तें क्षम्य आहे. ग्रंथ मारून आणावा लागत नाहीं. न अभ्यासलेला नमुना मात्र हत्याच होय. शब्द कठोर आहे, पण तो आम्ही जाणून वापरतों.

यावर कोणी म्हणेल, आज न पाहिलेलें उद्यां कामीं येईल. खरें आहे. फोरॅमिनिफेरा नांवाच्या सूक्ष्म जीवांचीं ‘चॅलेंजर’नें आणलेलीं चुनखडी कवचें ‘तारा’ जहाजानें २००९ नंतर जमविलेल्या कवचांशीं ताडून पाहण्यांत आलीं; तो निष्कर्ष २०२० सालीं प्रसिद्ध झाला. नवीं कवचें पातळ भरलीं, कांहीं तर ७६ टक्क्यांपर्यंत. कोळसा व तेल जाळून निघालेला कार्बन डायऑक्साइड समुद्रांत विरतो व पाण्याची आम्लता वाढते; त्याचाच हा परिणाम असावा असें संशोधकांचें अनुमान आहे. १८७५ च्या सुमारास हा प्रश्नच कोणाच्या मनांत नव्हता. तरीही तो पुढें विचारतां आला, कारण नमुना कोठला व केव्हांचा याची नोंद कोणीतरी डोलत्या जहाजावर चोख ठेवली होती. ती नसती, तर तीं कवचें म्हणजे चिमूटभर चुना. उद्यांचा हवाला देणारानें निदान एवढें तरी केलेलें असावें.

या तुलनेंत कवचें फोडलीं नाहींत; क्ष-किरणांनीं तीं आंतून मोजलीं, आणि पुन्हा जागेवर ठेवतां आलीं.