पितरांना पाणी कोण देणार?



भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला की आंबागडाच्या पायथ्याच्या गावांतून पितर जेवू घालण्याची लगबग सुरू होते. शेजारच्या कवेलूवर कावळ्यासाठी घास ठेवला जातो. अशा वेळी नुकतीच दीक्षा घेतलेल्या घरातली म्हातारी दाराशी गप्प बसते आणि हळूच विचारते, “आता आपल्या बुढ्याला पाणी कोण देणार?”

तिला हसू नका, तिच्यावर ओरडूही नका. बावीस प्रतिज्ञांतल्या सहाव्या प्रतिज्ञेने आपण श्राद्धपक्ष आणि पिंडदान सोडले. पण जन्मदात्यांना विसरण्याची प्रतिज्ञा आपण घेतलेली नाही.

हा प्रश्न भगवान बुद्धांपुढेही आला होता. राजगृहाचा तरुण सिगाल सकाळी ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना हात जोडत होता. का, तर मरताना बापाने तसे सांगितले होते. भगवंतांनी त्याच्या पितृभक्तीची थट्टा केली नाही. तिला अर्थ दिला. पूर्व दिशा म्हणजे आईबाप, असे त्यांनी सांगितले. मुलाने आईबापांना पोसावे, त्यांची कामे करावी, कुळाची परंपरा राखावी, वारशाला पात्र व्हावे आणि ते गेल्यावर त्यांच्या नावे दान द्यावे. सिगालोवाद सुत्तातली ही पाच कर्तव्ये आहेत. त्यांत पिंड नाही आणि कावळाही नाही.

तुम्ही विचाराल, कुळाची परंपरा राखायची म्हणजे मेलेली ढोरे ओढायची काय? नाही! ती कामे जातीने लादलेली होती, ती कुळाची परंपरा नव्हे. उपाशी राहून ज्या आईने लेकराला शाळेत धाडले, तिची जिद्द ही आपली परंपरा.

पूर्वजांचा मान विद्येने राखता येतो, याचे एक उदाहरण दूरच्या चीन देशात आहे. तिथे एकेका कुळाचे पूर्वजगृह असते आणि त्यात पूर्वजांच्या नावांच्या पाट्या मांडतात. क्वांगचौ शहरातले चेन कुळाचे पूर्वजगृह पाहण्यासारखे आहे. अनेक परगण्यांतल्या चेन घराण्यांनी वर्गणी काढून ते उभारले आणि १८९४ साली ते पूर्ण झाले. पण त्याला नाव दिले ‘चेन विद्यालय’! सरकारी परीक्षेसाठी शहरात येणाऱ्या कुळातल्या मुलांना तिथे उतरायला जागा होती. १९०५ साली त्या परीक्षा बंद झाल्या, तेव्हा तिथे शाळा भरू लागली. आज तिथे लोककलेचे संग्रहालय आहे. त्यांचा धूपनैवेद्य आपल्याला नको आणि कुळाचा गर्वही नको, कारण माणूस जन्माने श्रेष्ठ होत नाही. पण पूर्वजांच्या छताखाली नातवांनी अभ्यास करावा, ही गोष्ट घेण्यासारखी आहे.

आपल्या बाबासाहेबांनीही हेच केले. रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे हे त्यांच्या वाडवडिलांचे गाव. वडील सुभेदार रामजी १९१३ साली गेले, आई भीमाबाई तर त्याआधीच गेल्या होत्या. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये छापून निघाला, तो त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. यापेक्षा मोठे तर्पण कोणते?

आता आपल्या आंबागडाकडे पाहा. सन १७०० च्या सुमारास देवगडच्या बख्त बुलंदाचा सुभेदार राजाखान याने हा किल्ला बांधला, असे इतिहास सांगतो. पण डोंगरावर दगड कोणी चढवले? त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. आपल्या पूर्वजांची नावे अशीच मातीत गेली. यापुढे ती जाऊ देऊ नका.

म्हणून एक करा. शंभर पानी वही आणा. घरातली म्हातारी सांगेल आणि नात लिहील. आज्याचे नाव, आजीचेही नाव, त्यांचे गाव, त्यांनी केलेले कष्ट, घरातून दीक्षेला प्रथम कोण गेले, हे सारे लिहा. पुण्यस्मरणाच्या दिवशी सर्वांनी मिळून त्रिशरण-पंचशील घ्या, ती नावे मोठ्याने वाचा आणि जेवणावळीचा पैसा वाचवून मोहल्ल्यातल्या एखाद्या पोराला पुस्तके द्या. त्या पुस्तकावर आज्याचे नाव घाला.

मग म्हातारीला सांगा, “आजी, बुढ्याला पाणी पोचले. ते या लेकराच्या हातात आहे.”

जय भीम!