भोंग्यातून घराघरांत गेलेला आवाज

मराठी भावगीताचा इतिहास सांगताना आपण गजाननराव वाटव्यांपासून निघतो आणि अरुण दात्यांपाशी विसावतो. पुणे-मुंबईच्या मैफली, आकाशवाणी, तबकड्या, एवढ्यात तो संपतो. प्रल्हाद शिंदे यांचे नाव आले तर भक्तिगीतांच्या यादीत कुठेतरी. मला हा अन्याय वाटतो.

धाराशिव जिल्ह्यात या माणसाचा आवाज टाळून जगता येत नाही. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी निघालेल्यांसाठी वाटेवर मंडप पडतात, त्यांच्या भोंग्यांवर तो असतो. गावच्या सप्ताहात, पहाटेच्या देवळावर, एसटी स्टँडसमोरच्या टपरीवरही असतो. पदवीधराच्या घरात आणि ऊसतोड मजुराच्या खोपटात सारखाच पोचलेला दुसरा मराठी गायक मला चटकन आठवत नाही. कव्वालीत तयार झालेला हा गळा. तिथे समोरच्या पार्टीला उत्तर द्यायचे असते आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचे असते. त्यामुळे स्वर उंच, खुला, शब्द ठसठशीत. भोंग्यात मऊ गळा फाटतो. हा फाटत नाही.

पण खरी गोष्ट आवाजाच्या पलीकडची आहे. शिंदे १९३३ साली मंगळवेढ्यात एका दलित कुटुंबात जन्मले. हे चोखोबांचे मंगळवेढे. गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखोबा तिथेच गेले आणि त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वाराबाहेर, पायरीपाशी झाली. आत जाण्याचा हक्क त्यांच्या लोकांना मिळायला १९४७ साल उजाडावे लागले, साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. तेव्हा शिंदे चौदाएक वर्षांचे असतील. पुढे याच माणसाने ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ गायले आणि वारीला जाणाऱ्या सगळ्या जातींनी ते आपले मानले. ज्या दारात पिढ्यान्‌पिढ्या थांबवले गेले, त्या दाराची वाट आज लाखो माणसे त्यांच्या गळ्याने चालतात. एखाद्या गायकाची कारकीर्द मोजायला मला यापेक्षा मोठे माप सापडत नाही.

एक आक्षेप ऐकू येतो: त्यांनी भीमगीतेही गायली, मग विठ्ठलाची आळवणी पोटासाठीच ना? धाराशिव जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्याला १९४१ च्या फेब्रुवारीत बाबासाहेब महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले होते. तिथल्या जयंतीच्या मिरवणुकीतल्या माणसाला हा प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर तर तो अधिकच टोकदार होतो. गाणे हा शिंद्यांचा धंदा होता, हे खरेच. तरी ‘आता तरी देवा मला पावशील का’ ऐकताना मला त्यात लोटांगण कमी आणि जाब जास्त ऐकू येतो. देवाला असे खडसावणे चोखोबांच्या अभंगांतही आहे. भीमगीतातला गळा ज्या अपमानाने तापला, त्याच अपमानाने हे विचारणेही तापलेले आहे. दोन्हींमध्ये फसवणूक नाही.

२००४ मध्ये ते गेले. आनंद, मिलिंद ही मुले आणि नातू आदर्श यांनी गाणे पुढे नेले. शिंद्यांच्या गायकीवर, त्यांच्या कव्वालीच्या तालमीवर, रेकॉर्ड आणि कॅसेटच्या बाजारावर विद्यापीठांनी नीट काम करायला हवे. त्यांच्यासोबत बसलेले ढोलकीवाले, कोरसवाले आता म्हातारे झाले आहेत.